नालुवेचं परराष्ट्र खातं

कसबा बावडा, कोल्हापूर
१२ ऑगस्ट १९९४

प्रिय तेमारू,

सप्रेम जय भीम.

तुझं पहिलं पत्र पोचलं. पाकिटावर डाग होते. पोस्टमन म्हणाला, पावसाचे आहेत. मी समुद्राचे धरले.

चार वर्षं तू आमच्या घरी राहिलास, इथल्या विद्यापीठातून एम. ए. झालास, आणि अजून 'नाही'ला 'न्हाय' लिहितोस! बोलताना चालतं रे, लिहिताना 'नाही' लिहायचं. मराठी तू माझ्या आईकडून आणि मंडईतून शिकलास, त्याला मी तरी काय करणार. पण आता तू नालुवेच्या, तुझ्या बेटांच्या देशाच्या, परराष्ट्र खात्यात लागला आहेस. खातं म्हणजे तीन खोल्या, एक फॅक्स मशीन आणि शिपाई धरून पाच माणसं, हे मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आपल्या बावड्यातल्या सोसायटीचं हापिस बी यापरीस मोठं हाय की! आनि येवढुशा देसाला परराष्ट्र खातं कशाला लागतंय?"

मग मी तिला तुझ्याच ओळी वाचून दाखवल्या. नालुवेची सगळ्यात उंच जागा नारळाच्या झाडाच्या निम्म्यानंही नाही. जगाच्या धुरानं हवा तापते, समुद्र फुगतो. तो वर आला तर त्याच्याशी लढायला तुमच्याकडं सैन्य नाही, आणि असतं तरी काय उपयोग? दुसऱ्या देशांनी धूर कमी केला तरच नालुवे राहणार. म्हणजे तुमचं घर वाचवायची किल्ली परक्यांच्या खिशात. म्हणून तुमच्याकडं सगळ्यात मोठं खातं हेच.

आईनं निवडायचं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "पोराला म्हनावं, जरा उंचावर जागा बघ."

शेवटच्या पानावर तू जे विचारलंस, त्याचं उत्तर 'नाही'. (बघ, असं लिहितात.) बाबा गेल्यापासून आई एकटी आहे, तिला टाकून मी नालुवेला येऊ शकत नाही. तू तुझी बेटं टाकून इकडं येऊ शकत नाहीस. दोघांचंही खरं आहे. यावर पुन्हा नको बोलूया. पत्रं मात्र लिहीत जा.

परवा रंकाळ्यावर गेले होते. पावसात पलीकडचा काठ पुसून गेला होता, पाणी कुठं संपतं तेच दिसेना. वाटलं, तुझ्याकडं रोज असंच दिसत असेल. छत्री मिटून उगीच उभी राहिले.

तुझी
संघप्रिया

कसबा बावडा
२९ एप्रिल १९९५

प्रिय तेमारू,

सप्रेम जय भीम.

बर्लिनच्या परिषदेचं पत्र वाचून मी हसले आणि मग हसण्याची लाज वाटली. शंभरावर देशांची माणसं, कुणाची चाळीस-चाळीस जणांची फौज, आणि नालुवेचे तुम्ही दोघं! एकाच वेळी चार खोल्यांत चर्चा चालू, म्हणून तुम्ही दोन खोल्यांत बसायचं आणि उरलेल्या दोन खोल्यांत तुमच्या देशाच्या नावाची नुसती पाटी ठेवायची. 'पाटी बघून तरी त्यांना लाज वाटेल,' असं तू लिहिलंस.

तुमच्यासारखे इतर बेटांचे देश एकत्र येऊन बोलतात, हे मात्र आवडलं. एकटं बारकं पोर रडलं तर कुणी बघत नाही, चाळीस पोरं रडली तर शाळा थांबते. हे मी शिक्षिका म्हणून सांगते.

मी अजून पॅसेंजरनं हातकणंगल्याला जाते, भूगोल शिकवते. परवा जगाच्या नकाशावर नालुवे दाखवायला गेले, तर नालुवे नाहीच. पेन्सिलीनं एक टिंब काढलं. आठवीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, ते टिंब तुम्हीच काढलंय." मी म्हटलं, "हो. पण तिथं माणसं राहतात. त्यातला एक माझ्या ओळखीचा आहे." सगळा वर्ग त्या टिंबाकडं बघत राहिला. बाहेर लिंबाचा मोहोर गळत होता. मला वाटलं, इतकी पोरं एकदम बघतायत तर तुला तिकडं काहीतरी जाणवलं असेल.

संघप्रिया

कसबा बावडा
२६ डिसेंबर १९९७

तेमारू,

क्योटोहून लिहिलेलं पत्र मिळालं. या वेळी मी चिडले आहे, ते तुला कळावं म्हणून मायना लिहिलेला नाही.

'तुझा देश' असं तू सहा वेळा लिहिलंस. माझा देश म्हणतो आधी श्रीमंतांनी धूर कमी करावा, आम्हाला अजून वाढायचं आहे. आणि तू म्हणतोस, तुझ्या देशाच्या मागं दडून सगळेच वेळ काढतायत.

कोडोलीच्या अंबूबाई आत्याला तू ओळखतोस. तिनं तुला गुऱ्हाळावर नेऊन रस पाजला होता. तिच्या वस्तीच्या तोंडापर्यंत विजेचा खांब आलाय, पुढं तार नाही. गावात दिवे आहेत, वस्तीत नाहीत. असं का, ते तुला आमच्या घरात राहून कळलं असेलच. आत्या अजून चिमणीच्या उजेडात भाकरी थापते. उद्या तिच्या घरात वीज आली तर ती कोळशाचीच असणार. परदेशातल्या माणसाच्या दोन-दोन मोटारींचा धूर आणि माझ्या आत्याचा दिवा तुम्ही एकाच तागडीत घालता? तिला कोण सांगणार, थांब बाई, तिकडं एक बेट आहे? तू सांगशील?

तुझं वाक्य मी विसरलेले नाही: 'समुद्राला धूर कुणाचा ते कळत नाही.' खरं आहे. पण माणसाला कळायला पाहिजे.

नदीपलीकडं उसाला तुरे आलेत. वाऱ्यानं सगळं रान पांढरं हलतं. दर वर्षी मला त्यात लाटा दिसतात. या वर्षी नुसता ऊस दिसला.

संघप्रिया

कसबा बावडा
६ मार्च २००१

प्रिय तेमारू,

सप्रेम जय भीम.

तीन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. तू लग्न केलंस, ती दवाखान्यात नर्स आहे, हसतमुख आहे, हे वाचून बरं वाटलं. आईनं साखर वाटली. मीही खाल्ली.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा नीट समजलं नाही, म्हणून आईला समजावून सांगता सांगता समजलं. जगात दोन देश आहेत, त्यांचं जुनं वैर आहे. एकाला मित्र म्हटलं की दुसऱ्याशी संबंध तोडावा लागतो. तुमचा जुना मित्र शाळा बांधून द्यायचा, डॉक्टर पाठवायचा. पण तुम्हाला हवी होती समुद्राला अडवणारी भिंत, आणि ती बांधून द्यायला दुसरा तयार झाला. मंत्रिमंडळानं भिंत निवडली. आणि जुन्या मित्राच्या राजदूताला 'आपण आता जावं' असं सांगणारा कागद घेऊन तुला पाठवलं. त्याच म्हाताऱ्याकडं, ज्यानं तुला बुद्धिबळ शिकवलं आणि तुझ्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन करवून आणलं.

तू लिहिलंस, त्यानं कागद वाचला, घडी केली आणि चहा ठेवला. पेट्यांत गोडी माती भरून त्यानं टोमॅटो लावले होते, ते तुला दाखवले. निघताना म्हणाला, "भिंत बांधून घेताना सिमेंट खाऱ्या पाण्यात टिकणारं मागा. ते स्वस्तातलं वापरतील."

आई हे ऐकून पदरानं डोळे पुसायला लागली. म्हणाली, "भल्या मानसाला उठवून लावलं रं पोरानं." मग पुन्हा म्हणाली, "पर पोर तरी काय करंल? पानी दारात आल्यावर मानूस हाताला लागंल ते धरतंय."

तुझ्या देशाकडं विकायला काय आहे, असं मी एकदा तुला विचारलं होतं. तू म्हणाला होतास, खोबरं आणि मासे. आता कळलं, अजून एक आहे. जगाच्या सभेत वर करायचा हात.

तुला झोप लागत नाही, असं तू लिहिलंस. त्या म्हाताऱ्याला पत्र लिही. मला वाटतं, तो उत्तर देईल.

तुझी
संघप्रिया

कसबा बावडा
२० ऑगस्ट २००५

प्रिय तेमारू,

सप्रेम जय भीम.

आम्ही दोघी सुखरूप आहोत. हे आधी लिहिते, कारण तुझे तीन फोन शेजारी आले होते म्हणे, आणि आम्ही तेव्हा घरी नव्हतो. घर पाण्यात होतं.

पाणी वाजत-गाजत येतं असं मला वाटायचं. ते आवाज न करता येतं. आधी न्हाणीच्या मोरीतून वर आलं. मग राजाराम बंधाऱ्याकडची सगळी रानं एक झाली, आणि दुपारी ते उंबऱ्याला टेकलं, पाहुणा चपला काढायला थांबतो तसं. आई खाटेवर बसून राहिली. "मी न्हाय येनार. नदी काय मला नवी हाय व्हय?" शेवटी गल्लीतल्या बाळासोनं तिला पाठुंगळी घेतलं. त्याच्या पाठीवरून ती घराला म्हणत होती, "आलोच हां, आलोच."

शाळेत तांबूस पाण्याकडं बघत आठ दिवस काढले. गच्चीवरून उसाचे फक्त शेंडे दिसायचे, हळूहळू हलणारे. तू तुझ्या आईबद्दल लिहायचास, की ती तिचं बाहेरचं बेट सोडून राजधानीत यायला तयार नाही, तू रागावतोस, ती हसते. मी दर वेळी तुझी बाजू घ्यायचे. आता घेणार नाही.

आणि आज पोस्टातून तुझं ते पाकीट आलं. आत तुझ्या सरकारच्या खलित्याची प्रत. 'नालुवेचं सरकार मुंबई आणि कोल्हापूर येथील पूरग्रस्त जनतेच्या दुःखात सहभागी आहे.' तेमारू, टीव्हीवर नुसती मुंबई होती. आम्ही बुडालो हे दिल्लीलाही उशिरा कळलं असेल. आणि समुद्रापलीकडच्या एका सरकारनं शिक्का मारून आमच्या गावाचं नाव लिहिलं. मी तो मजकूर शाळेत मोठ्यानं वाचला. माणसं गाळ काढत होती, हातातलं तसंच धरून उभी राहिली. एक आजोबा म्हणाले, "कोन म्हनायचं हे पावणं? चांगलं दिसत्यात."

तुझी
संघप्रिया

कसबा बावडा
१५ एप्रिल २००७

प्रिय तेमारू,

सप्रेम जय भीम.

काल बाबासाहेबांची जयंती झाली. आवाज बसलाय, म्हणून आज दिवसभर गप्प बसून तुझ्या पत्राचा विचार केला.

तुमचा मोठा शेजारी दर वर्षी नालुवेच्या पंच्याहत्तर माणसांना आपल्या देशात घ्यायला तयार आहे. तरुण, शिकलेली, निरोगी माणसं. म्हाताऱ्यांचं नाव नाही. तू मागणी केलीस, की जाणाऱ्यांचा नालुवेचा पासपोर्ट आणि मत त्यांच्याकडंच राहावं, उद्या जमीन गेली तरी देश राहावा. तेही शेजारी द्यायला तयार आहे. फक्त एक अट. त्याच्या कोळशाच्या खाणींबद्दल नालुवेनं दहा वर्षं जगाच्या सभेत बोलायचं नाही. आणि तू मला विचारतोस, काय करू.

मी भूगोलाची शिक्षिका. पण गप्प राहण्याबद्दल मला थोडं कळतं. छप्पन साली माझ्या आजोबांनी धम्म घ्यायचं ठरवलं, तेव्हा कोडोलीतला एक मोठा माणूस घरी आला होता. म्हणाला, "कशाला ह्यो उद्योग? गप ऱ्हावा, तुमचा वाटा तुमाला मिळतोय न्हवं?" वाटा म्हणजे दारात उभं राहून मागायची भाकरी. आजोबा म्हणाले, "वाटा नको. नाव पायजे." गाव तेच राहिलं, रस्ता तोच राहिला, पण त्या दिवसापासून आम्ही मागायला गेलो नाही. पुढं काही वर्षं उपाशी झोपले लोक. आत्या सांगते. तीसुद्धा झोपली. पण ते दिवस परत काढ म्हटलं तर ती काढील, ती भाकरी परत घे म्हटलं तर घेणार नाही.

तुझ्या देशाकडं सैन्य नाही, पैसा नाही. आवाज आहे. तो दहा वर्षांसाठी गहाण टाकलास, तर अकराव्या वर्षी बोलायला कोण उरेल?

माझं ऐकून तुझं नुकसान होईल, हेही लिहून ठेवते. तू विचारलंस म्हणून सांगितलं. सही तुझ्या देशाची आहे.

संघप्रिया

कसबा बावडा
३ नोव्हेंबर २००८

प्रिय तेमारू,

तुझ्या मंत्र्यांनी अट नाकारली. शेजाऱ्यानं पासपोर्टचं कलम काढून टाकलं. तरीही करार झाला, आणि पहिल्याच यादीत तुझी बायको निघाली. 'तिच्यावर रागावू नको, तिथं नर्सना मान आहे, तिला पाण्याची फार भीती वाटायची,' असं तू मला लिहितोस. मी कशाला रागावू? तू तिला विमानापर्यंत सोडायला गेलास आणि परत येताना भिंतीवरून चालत आलास, एवढं वाचून मी पत्र खाली ठेवलं.

आईला काही सांगितलेलं नाही. तिला कळलंय असं वाटतं. काल तिनं विचारलं, "पोराचा सयपाक कोन करतंय आता?"

दुसरी बातमी मात्र तिला सांगितली. तू तुझ्या सरकारला लिहिलंस, की ज्यांच्याशी वर्षातून एकदा भांडायचं त्यांच्या शेजारी वर्षभर राहून बघूया. मोठे गरीब आणि बारके गरीब वेगवेगळ्या बाकांवर बसतात म्हणून श्रीमंतांचं फावतं. आणि त्यांना ते पटलं. दिल्लीत नालुवेची कचेरी. तू आणि एक टंकलेखक. आई म्हणाली, "दिल्ली म्हंजे आपल्यातच की!"

मी उठले. परसात जाऊन धुणं वाळत घातलं, मग लक्षात आलं ते आधीच वाळलेलं होतं.

संघप्रिया

कसबा बावडा
३१ डिसेंबर २००९

प्रिय तेमारू,

सप्रेम जय भीम.

तुझी गाडी सुटली आणि मी फलाटावर थोडी रेंगाळले. तू खिडकीतून 'जातो' म्हणालास. 'येतो' म्हणायचं असतं. एवढ्या वर्षांत ते तुला शिकवायचं राहिलंच.

कोपनहेगनबद्दल तू इथं चार दिवसांत जेमतेम चार वाक्यं बोललास. तुम्ही रात्रंदिवस भांडलात, दीड अंशापलीकडं जग तापू देऊ नका म्हणालात, आणि तो आकडा शेवटी 'पुढं बघू'च्या ओळीत गेला. आमच्या देशाचा एक अधिकारी पहाटे तुझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "मी सुंदरबनचा. माझंही गाव बुडतंय. पण मला ते तिथं बोलता येत नाही." तेवढंच सांगताना तुझा चेहरा जरा सैल झाला. मला वाटतं, दिल्लीत कचेरी उघडल्याचं फळ म्हणायचं तर ते हेच. अजून तरी हेच.

आता तुझ्या आईबद्दल. लाटांनी तुझ्या वडिलांची कबर नेल्यावर तिनं बेट सोडलं, आणि शेजाऱ्याच्या यादीत म्हाताऱ्यांना जागा नव्हती म्हणून तू तिला दिल्लीला आणलंस. दिल्लीच्या थंडीत ती कशी काकडली होती! तू तिला घेऊन दारात उतरलास, आणि बघताक्षणी माझी आई म्हणाली, "म्हातारीला हितंच ऱ्हाऊ दे. थंडी सरली की ने. न्हाय नेलंस तरी चालतंय." तू माझ्याकडं बघितलंस. मी मान हलवली. तेमारू, तुझ्या खात्यानं एवढ्या वर्षांत केलेल्या करारांपैकी इतका लवकर झालेला हा पहिलाच असेल.

दोघींचं मजेत चाललंय. एक तिच्या भाषेत बोलते, एक बावड्याच्या. कुणी थांबत नाही. परवा त्यांना नदीवर नेलं. तुझ्या आईनं पाण्यात हात घातला, चाखलं, आणि खूण करून विचारलं, हे कुठं जातं? समुद्र पश्चिमेला इतका जवळ असून पंचगंगा पूर्वेला जाते, कृष्णेला मिळते, आणि सगळा देश ओलांडून पलीकडच्या समुद्रात पडते, हे मी हातांनी दाखवलं. तिनं तो रस्ता बोटानं हवेत पुन्हा काढून बघितला. मग एवढा लांबचा रस्ता धरणाऱ्या नदीला ती हसली, आणि तिचं हसू बघून माझी आईही हसायला लागली. धुक्यात दोघी म्हाताऱ्या पायऱ्यांवर बसून हसत होत्या आणि मला पलीकडचा काठ दिसत नव्हता.

पंधरा वर्षांपूर्वी मी तुला एक गोष्ट पुन्हा बोलायची नाही म्हणून सांगितलं होतं. तू बोलला नाहीस. या चार दिवसांतही नाही. तुझे केस पिकलेत, माझेही. मला काही घाई नाही, तुलाही नसावी. पण सुट्टी मिळेल तेव्हा आईला भेटायला येत जा. एवढं माझ्याकडून.

आणि काल हवालदार आला होता. परदेशी बाई राहायला आल्याची नोंद करायला. वही उघडली, तुझ्या आईचं नाव मला तीनदा विचारून कसंबसं लिहिलं, मग देशाच्या रकान्यापाशी अडला. "नालुवे? कधी ऐकलं न्हाय. कुठं आला म्हनायचा ह्यो देस?"

मी नकाशा आणायला उठले. आई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "परड्यात बसलाय की, ऊन खात. जावा, बघून या. आनि हळू जावा, आत्ताच डोळा लागलाय."

तुझी
संघप्रिया